कॉफीचा चोथा

कॉफीचा चोथा म्हणजे भाजलेल्या कॉफीबियांची पूड गरम पाण्यात मुरवून अर्क गाळून घेतल्यावर उरणारा ओला गाळ होय. बागेत तो मुख्यतः कंपोस्ट खताचा घटक म्हणून उपयोगी पडतो. इन्स्टंट कॉफी पाण्यात विरघळत असल्याने तिचा चोथा उरत नाही.

घटक

कोरड्या चोथ्यात सुमारे २ टक्के नत्र असते. ते बहुतांशी सेंद्रिय रूपात असल्याने सूक्ष्मजीवांनी विघटन केल्यावरच झाडांना मिळते.

वऱ्हाडातील संदर्भ

अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा हे थंड हवेचे ठिकाण महाराष्ट्रातील कॉफी लागवडीसाठी ओळखले जाते. मैदानी वऱ्हाडात मात्र घरोघरी चहाच अधिक होतो. चहाचा चोथाही याच रीतीने वापरता येतो. त्यातील दूध व साखर आधी धुऊन काढावी लागते, अन्यथा मुंग्या लागतात.

चोथा आम्लधर्मी असून तो जमिनीचा सामू उतरवतो, असा समज आहे. प्रत्यक्षात बरेचसे आम्ल पेयात उतरते आणि चोथ्याचा सामू अनेकदा उदासीनतेच्या जवळ असतो. वऱ्हाडातील काळी जमीन सामान्यतः अल्कधर्मी व चुनखडीयुक्त असून, चुनखडी सौम्य आम्लाचा परिणाम नाहीसा करते. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात अडचण सोडियमची आहे. तेथे जिप्सम व निचरा हे उपाय योजतात. चोथा त्यांची जागा घेऊ शकत नाही.

वापर

चोथा कंपोस्टमध्ये आकारमानाच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. त्याच्यासोबत सोयाबीनचे कुटार, वाळलेला पाला किंवा बारीक केलेली पऱ्हाटी यांसारखे कर्बयुक्त पदार्थ घालतात. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण पांढरीपांडे यांनी विकसित केलेल्या नाडेप पद्धतीत सच्छिद्र भिंतींच्या विटांच्या टाक्यात काडीकचरा, शेणकाला व माती यांचे थर रचतात. त्यातही चोथा मिसळता येतो. हे खत साधारण ३ ते ४ महिन्यांत तयार होते.

मर्यादा

मेलबर्न येथील २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात न कुजवलेला चोथा थेट मातीत मिसळल्यावर ब्रोकोली, मुळा, सूर्यफूल इत्यादींची वाढ खुंटली. मात्र मातीची पाणी धरून ठेवण्याची क्षमता वाढली. त्यामुळे रोपवाटिका, बियांचे वाफे व कुंड्या यांत कच्चा चोथा टाळणे योग्य ठरते. पृष्ठभागावर जाड थर दिल्यास तो वाळून घट्ट होतो व पाणी मुरण्यास अडथळा येतो.