हलव्याचा काटा

गेल्या जानेवारीत आमच्या नातीचे बोरन्हाण झाले. मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा असा हलव्याच्या दागिन्यांचा संपूर्ण साज मी शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंकडून करून घेतला होता. हळदीकुंकवाला आलेल्या एका वयस्कर नातलगांनी हार बोटांनी चाचपला आणि विचारले, "विकतचे का गं? तुझ्या सासूबाई घरी करायच्या." त्यात टोमणा नव्हता, हळहळ होती. पण ‘घरचे’ या शब्दाने मला वर्षभर कामाला लावले.

सासूबाई 1983 साली गिरगावातून वाशीला राहायला आल्या, तेव्हा सामानात एक पत्र्याचा डबा होता. पुठ्ठ्याचे कापलेले मुकुट, पांढरा दोरा, सोनेरी जर आणि जुन्या पत्रिकांचे चकचकीत तुकडे. आता तो नेरूळला आमच्या माळ्यावर आहे. पौष लागला की तो खाली यायचा आणि हलव्याचा घाट सुरू व्हायचा. तीळ, खसखस, साबुदाणा कोरडे भाजून परातीत घ्यायचे. साखरेचा एकतारी पाक करायचा, चमचाभर दूध घालून वर आलेली मळी काढायची. परात मंद निखाऱ्यावर ठेवून अर्धा-अर्धा चमचा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे सतत फिरवत राहायचे. एक थर वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. हे काम तीन-तीन, चार-चार दिवस चाले. "पाकाला घाई कळते," असे त्या म्हणत. पाक जास्त पडला की दाणे एकमेकांना चिकटत, आच वाढली की साखर पिवळी पडे. हवा ढगाळ असली तर काटा येतच नसे.

हा काटाच हलव्याची खूण. तो येतो कसा? दाण्यावर साखरेचे स्फटिक बसताना पृष्ठभाग कुठे तरी किंचित वर येतो. पुढच्या खेपेला पाक त्या उंचवट्याला आधी लागतो, तिथेच वाळतो आणि उंचवटा वाढत जातो. पाकात लिंबू पिळले तर हे घडत नाही, कारण आंबटपणाने साखरेचे स्वरूप बदलते आणि स्फटिक धरत नाहीत. जपानात ‘कोंपेइतो’ नावाची अशीच काटेरी मिठाई आहे. पोर्तुगीज ‘कॉन्फेइतो’ या शब्दावरून तिचे नाव पडले. लुईश फ्रॉइश या जेझुइट धर्मप्रसारकाने 1569 मध्ये ती ओदा नोबुनागाला भेट दिली होती. तिला काटे का येतात, या प्रश्नाने तेरादा तोराहिको या भौतिकशास्त्रज्ञालाही भुरळ घातली. आजही तिची एक खेप तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. वसईवर दोनशे वर्षे पोर्तुगीजांचे राज्य होते, तेव्हा आपला हलवाही तिथूनच आला असे म्हणण्याचा मोह होतो. पण काट्याच्या साम्यावरून वंशावळ मांडता येत नाही. साखर, मंद आच आणि सतत फिरणारा दाणा एकत्र आले की काटा कोणत्याही देशात येतो. ‘हलवा’ हा शब्द मात्र अरबी आहे, मूळ अर्थ ‘गोड’.

मग यात ‘घरचे’ ते काय? संक्रांतीला गोड पाठवण्याची रीत जुनी आहे. पेशवाईतल्या पत्रव्यवहारात तीळशर्करा पाठवल्याचे उल्लेख येतात. पण पांढऱ्याशुभ्र हलव्याला पांढरीशुभ्र साखर लागते, आणि एकोणिसाव्या शतकात अशी बरीच साखर मुंबईत जहाजाने यायची. मॉरिशसच्या साखरेमुळे गुजरातीत साखरेचेच नाव ‘मोरस’ पडले. पुढे जावाची साखर आली. 1905 च्या स्वदेशी चळवळीत विलायती कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार होता, म्हणजे हलव्याची परातही त्या वादातून सुटली नसणार. 1932 मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले आणि देशात कारखाने भराभर उभे राहिले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेच्या सहकारी कारखान्याचे गाळप 1950 मध्ये सुरू झाले. तरीही पुढे कितीतरी वर्षे साखर रेशनकार्डावर मोजून मिळत होती. संक्रांतीच्या हलव्यासाठी सासूबाई दिवाळीपासून साखर राखून ठेवत. परातीतला दाणा घरचा खरा, पण त्याच्यावरचा प्रत्येक थर बाजाराने आणि सरकारने ठरवलेला होता.

सिडकोची स्थापना 1970 ची. त्यानंतर खाडीपलीकडे शहर उभे राहिले आणि मुंबईचा घाऊक किराणाही मशीद बंदर सोडून वाशीला आला. साखर आता हाकेच्या अंतरावर होती. पण फ्लॅटमध्ये कोळशाची शेगडी नव्हती आणि दोन्ही माणसे कामावर जाणाऱ्या घरात चार मोकळे दिवस नव्हते. मी एकदाच हलवा करून पाहिला. गॅसची आच कमी होईना. तीन तासांत वाटीभर गोळे झाले आणि काटा एकालाही नव्हता.

हार विकत घेण्याआधी मी त्या बाईंना हिशेब विचारला. साखर आणि तीळ हा खर्चाचा लहान भाग. उरलेली किंमत दिवसांची, ओवण्याची आणि भाजलेल्या बोटांची. मला सासूबाईंची बोटे आठवली. संक्रांतीनंतर आठवडाभर त्यांची टोके लाल असत आणि त्या गरम वरणभात चमच्याने खात. "किती सुंदर हार!" असे सगळे म्हणत. "किती दिवस लागले?" असे मीही कधी विचारले नाही.

1959 मध्ये गिरगावातच सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. पापडाच्या कष्टाला तेव्हा दर मिळाला, त्याच गिरगावातल्या हलव्याच्या कष्टाला कौतुक मिळत राहिले. भेट म्हणून दिलेल्या वस्तूचे मोल करू नये, हा आपला सुसंस्कृत संकेत. त्यामागे ती करणाऱ्या बाईचा वेळही बिनमोल ठरत गेला. बिनमोल म्हणजे अमूल्य, आणि बिनमोल म्हणजे फुकटही.

म्हणून त्या नातलगांच्या हळहळीत मी पूर्णपणे सामील होऊ शकत नाही. काही हरवले आहे, हे खरे. स्वतःच्या नातीसाठी फिरवलेला दाणा पैशांनी मिळत नाही. पण शेजारच्या बाईंनी दिवस मोजून दर सांगितला, तेव्हा सासूबाईंच्या कष्टाचा आकडा मला पहिल्यांदा कळला. हलव्याला काटा येतो आणि तोलायलाही काटाच लागतो. पहिला आपण पिढ्यान् पिढ्या कौतुकाने पाहिला. दुसरा हातात घ्यायला फार उशीर केला.

माळ्यावरचा डबा यंदा मी त्या बाईंना देणार आहे. जर अजून चमकते आहे.