समुद्रातला बिघाड आणि माझ्या गाडीचा पिवळा दिवा

मंडळी, यंदा आमची गाडी एमओटीत नापास झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एमओटी म्हणजे इकडची गाडीची वार्षिक परीक्षा. १९६० साली अर्नेस्ट मार्पल्स वाहतूक मंत्री असताना ती सुरू झाली. तेव्हा दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग बघायचे, की झाले. १९६७ पासून तीन वर्षांच्या गाड्याही तिच्या कचाट्यात आल्या. आणि मे २०१८ पासून डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला दिसला तरी गाडी नापास (फार जुन्या गाड्यांना यातून सूट आहे). आमचा पेटला होता.

गॅरेजवाल्याने यंत्र जोडले. कोड आला: ऑक्सिजन सेन्सर, हीटरचे सर्किट. हा सेन्सर धुराच्या नळीत बसतो आणि चांगला तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून त्याच्या पोटात छोटा हीटर असतो. गॅरेजवाल्याने नवा सेन्सर बसवला, पैसे घेतले, गाडी पास झाली. दोन आठवड्यांनी दिवा पुन्हा हजर! "नवाच खराब निघाला असेल, दुसरा लावू," इति गॅरेजवाला.

मला एकदम डॉक्टर व्हाइटहाउस आठवले.

हे वाइल्डमन व्हाइटहाउस पेशाने सर्जन, आणि हौसेने वीजतज्ज्ञ. आयर्लंडहून अमेरिकेकडे समुद्राच्या तळातून जी पहिली तार टाकली, तिच्या कंपनीचे विद्युत विभागप्रमुख. ५ ऑगस्ट १८५८ ला तारेची दोन्ही टोके किनाऱ्याला लागली, एक आयर्लंडच्या व्हॅलेन्शियाला आणि दुसरे न्यूफाउंडलंडला. राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठवलेला ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला सोळा तास लागले. तरी दोन्हीकडे जल्लोष. सप्टेंबरच्या सुरुवातीला तार मुकी झाली.

व्हाइटहाउस यांचे मत असे, की संदेश नीट जात नसेल तर जोर वाढवा. त्यांनी सुमारे दोन हजार व्होल्ट देणारी प्रचंड कॉइल्स लावली. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्व्हिन) म्हणत होते, की दाब कमी ठेवा आणि पलीकडे अतिशय नाजूक मीटर ठेवा. गंमत म्हणजे, व्हाइटहाउस यांच्या केंद्रातही संदेश वाचले जात ते थॉमसन यांच्याच आरशाच्या मीटरवर, आणि मग ते त्यांच्या स्वतःच्या यंत्रावर उतरवले जात.

पण मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. तार बिघडत चालली तेव्हा व्हाइटहाउस यांनी व्हॅलेन्शियाच्या बंदरातलीच तार वर काढून तिचा तुकडा बदलायला घेतला. का? तर तिथे हात पोचत होता म्हणून! संचालकांनी त्यांना ऑगस्टमध्येच काढून टाकले. त्यानंतर क्रॉमवेल व्हार्ली यांनी किनाऱ्यावर बसून तारेचा रोध मोजला. तांब्याच्या तारेचा मैलाला किती रोध हे ठाऊक असेल, तर साधा भागाकार उरतो. बिघाडाच्या जागेचा स्वतःचाही रोध असतो, म्हणून नेमका आकडा येत नाही. त्यांचे उत्तर आले, किनाऱ्यापासून अडीचशे ते तीनशे मैलांच्या दरम्यान. म्हणजे बंदरातले सगळे खोदकाम फुकट.

सगळे खापर व्हाइटहाउस यांच्यावर फोडणेही बरोबर नाही. मुळात तार घाईत बनवली होती. काही ठिकाणी तांबे आवरणाच्या मधोमध नव्हते, आणि ती काही काळ उन्हात पडून होती. पण १८६१ मध्ये चौकशी समितीचा अहवाल आला आणि एक गोष्ट पक्की झाली: आधी मोजा. त्याच वर्षी थॉमसन यांच्या आग्रहामुळे ब्रिटिश असोसिएशनने रोधाचे प्रमाण ठरवायला समिती नेमली. आज आपण मीटरवर 'ओहम' वाचतो ते त्यामुळे. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या जहाजाने मुंबई ते एडन तार टाकली आणि त्याच वर्षी मुंबई समुद्रमार्गे कॉर्नवॉलच्या पोर्थकर्नो गावाशी जोडली गेली, तेव्हा मोजण्याची ही विद्या तयार होती.

असो. तर मी मीटर घेऊन गाडीखाली शिरलो. (बायको म्हणाली, "पैसे वाचवायच्या नादात गाडी जाळू नका म्हणजे झाले.") सेन्सरचा कनेक्टर काढला, हीटरचा रोध मोजला: काही ओहम, अगदी बरोबर. मग चावी फिरवून सप्लायच्या पिनवर व्होल्टेज पाहिले: १२.४. तेही बरोबर! इथेच बरेच जण फसतात. मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे वायरचा एक धागा जरी शाबूत असला तरी व्होल्टेज पूर्ण दिसते. म्हणून ब्रेकच्या दिव्याचा २१ वॅटचा बल्ब ती पिन आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यामध्ये लावला. बल्ब कसाबसा लाल झाला. पिनवर उरले होते ५ व्होल्ट. बारातले सात वाटेतच गळत होते.

व्हार्लींना समुद्रात उतरता येत नव्हते, मला येत होते. बल्ब तसाच पेटता ठेवून वायरच्या मार्गावर एकेका जोडावर मोजत गेलो. फ्यूजपाशी सगळे ठीक, चाकाच्या वरच्या कप्प्यातल्या जोडापर्यंत ठीक, त्याच्या पलीकडे ५. जोड उघडला तर आत हिरवी भुकटी. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ जमू नये म्हणून मीठ टाकतात. त्याचे पाणी चाकाने उडून आत गेलेले. वायरचे दोन-तीन धागे तेवढे शिल्लक होते.

जोड कापला, नवीन वायर डाग देऊन जोडली, वरून नळी चढवली. खर्च दोन पौंडांच्या आत, वेळ अख्खा रविवार. दिवा गेला आणि तीन महिने झाले, अजून परतलेला नाही.

गॅरेजवाल्याने काढलेला पहिला सेन्सर मी मागून घेतला होता. त्याच्या हीटरचा रोधही मोजला. ठणठणीत आहे. गॅरेजमधल्या फळीवर पडून आहे, कुणाला हवा असेल तर कळवा.