हृदयविकाराची औषधे : दुष्परिणाम आणि औषध सुटणे

रक्तदाब, हृद्‌शूल, हृदयाची दुर्बलता, अनियमित ठोके व रक्तवाहिनीत होणारी गुठळी यांवर दीर्घकाळ, बहुधा जन्मभर, घ्याव्या लागणाऱ्या औषधांमुळे होणारा त्रास. तसेच ही औषधे एकाएकी बंद झाल्यावर शरीरात उमटणारी प्रतिक्रिया. दोन्ही विषय एकत्र पाहावे लागतात, कारण त्रास होतो म्हणून गोळी सोडली जाते आणि सोडल्यावर जे घडते ते पुष्कळदा त्या त्रासापेक्षा भारी असते. पेणकरपाडा (मीरा रोड पूर्व, जि. ठाणे) या दहिसर चेकनाक्यापलीकडच्या वस्तीसारख्या भागात या प्रश्नाला अंतराची जोड मिळते. मोठी शस्त्रक्रिया किंवा अँजिओप्लास्टी परळच्या केईएममध्ये, मुंबई सेंट्रलच्या नायरमध्ये नाहीतर विलेपार्ल्याच्या कूपरमध्ये होते. पुढची तारीख महिन्या-दोन महिन्यांनी असते. आणि त्या मधल्या काळात काही बिनसले तर सल्ला मिळतो तो शेजाऱ्यांचा किंवा औषधाच्या दुकानातला.

मुंबईतील पूर्वपीठिका : या विषयाचा एक मोठा अध्याय मुंबईतच लिहिला गेला. सर्पगंधा वनस्पतीचा उन्मादावर व उच्च रक्तदाबावर होणारा उपयोग १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी नोंदविला होता. मात्र जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष तिच्याकडे गेले ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे. १९५२ मध्ये सिबा या स्विस कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. रक्तदाब खाली आणणारे खात्रीचे औषध हाती नव्हते, त्या काळात हे फार मोठे पाऊल होते.

परंतु वापर वाढला तशी दुसरी बाजूही दिसू लागली. नाक चोंदणे, सुस्ती, पोट बिघडणे हे त्रास लगेच लक्षात आले. मोठ्या मात्रेत व दीर्घकाळ रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल खिन्नता येते, असे अमेरिकन डॉक्टर एडवर्ड फ्रीस यांनी १९५४ मध्ये नोंदविले. हा संबंध किती पक्का आहे यावर पुढे वाद झाला, पण औषधाची मात्रा उतरली आणि नवी औषधे आल्यावर रेसर्पिन मागे पडले. हे औषध मज्जातंतूंच्या टोकांशी असलेला नॉरॲड्रेनॅलिनचा साठा रिकामा करते. तो साठा पुन्हा भरायला दिवस-आठवडे लागतात, त्यामुळे गोळी थांबली तरी परिणाम रेंगाळतो. सर्पगंधा घनवटी आजही दुकानात मिळते. डॉक्टरांच्या गोळीबरोबर ती चालू असेल तर हे त्यांना सांगितलेच पाहिजे; वनस्पती म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही, हे वरच्या अनुभवावरून दिसते.

एकाएकी थांबविल्यास उसळी घेणारी औषधे : सर्वांत आधी नाव घ्यावे ते बीटा-अवरोधकांचे, म्हणजे नावाच्या शेवटी ‘लॉल’ येणाऱ्या मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, ॲटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या औषधांचे. ॲड्रेनॅलिनचा निरोप हृदयपेशीवरच्या ज्या ग्राहींकडे पोहोचतो त्यांना ही औषधे अडवून धरतात. निरोप कमी येतात असे पाहून पेशी ग्राहींची संख्या वाढवते. औषध अचानक नाहीसे झाले की हे वाढलेले ग्राही एकदम उघडे पडतात. ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, छातीत कळ येते आणि ज्यांच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत त्यांना हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. प्रोप्रॅनोलॉल अचानक थांबविल्यानंतर आलेल्या अशा झटक्यांच्या नोंदी १९७० च्या दशकाच्या मध्याला वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. तेव्हापासून ही औषधे एक-दोन आठवड्यांत, कधी त्याहून सावकाश, पायरीपायरीने उतरवण्याचा दंडक आहे. औषध थांबविण्याची हीच रीत. तिचे वेळापत्रक मात्र डॉक्टरांनीच आखायचे असते.

क्लोनिडिन (अर्कामिन) याबाबत अधिक कडक आहे. हे औषध चुकल्यावर दिवस-दीड दिवसात रक्तदाब पूर्वीच्याही वर जाऊ शकतो. घाम, थरथर, डोकेदुखी, जिवाची घालमेल सुरू होते. क्लोनिडिन व बीटा-अवरोधक दोन्ही चालू असतील आणि दोन्ही थांबवायची असतील, तर आधी बीटा-अवरोधक उतरवतात व क्लोनिडिन शेवटी. हा क्रम घरच्या घरी ठरवण्याचा नाही.

रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचा धोका वेगळ्या जातीचा आहे. तेथे उसळी जाणवत नाही, काही दुखत नाही, आणि म्हणूनच तो अधिक फसवा आहे. स्टेंट बसविल्यानंतर ॲस्पिरिनबरोबर दिलेले क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर ठरल्या मुदतीआधी सोडले तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन रक्तवाहिनी पूर्ण बंद पडू शकते. दात काढायचा आहे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे, अंगावर निळे डाग दिसले अशा कारणांनी ही गोळी परस्पर थांबविली जाते. दाताच्या डॉक्टरांनी हृदयाच्या डॉक्टरांना एक फोन केला तर बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनच काम होते. संधिवाताच्या तापाने झडपा खराब होऊन ज्यांना धातूची झडप बसविली आहे, त्यांचे वॉरफॅरिन किंवा ॲसिट्रॉम हे तर त्या झडपेचेच राखणदार आहे. त्यांनी आयएनआर (रक्त किती पातळ आहे हे दाखवणाऱ्या) तपासणीची तारीख पाळावी. पालेभाज्या वर्ज्य नाहीत. त्या दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खाव्यात, म्हणजे मात्रा डळमळत नाही. रिव्हारोक्साबॅन, ॲपिक्साबॅन या नव्या औषधांना आयएनआर लागत नाही, पण त्यांचा अंमल दिवसभरात ओसरतो. त्यामुळे एक-दोन डोस चुकणेही महागात पडते.

नायट्रेटवर्गातील औषधांचा (सॉर्बिट्रेट इत्यादी) धडा वैद्यकाला कारखान्यांतून मिळाला. डायनामाइट बनविणाऱ्या कामगारांना सुटीनंतर सोमवारी कामावर आले की डोके ठणकत असे. आठवडाभरात शरीर डायनामाइटमधील नायट्रोग्लिसरिनला (हेही नायट्रेटच) सरावे आणि डोके ठणकणे थांबे. सुटीच्या दिवशी मात्र, संपर्क तुटल्याने, काहींना छातीत कळ येई व काहींचा अचानक मृत्यू झाल्याचीही नोंद आहे. गोळी सुरू करताना होणारी डोकेदुखी ही त्याच गुणधर्माची खूण आहे व ती बहुधा काही दिवसांत कमी होते. पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरील सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या नायट्रेटबरोबर घेतल्यास रक्तदाब प्राणघातक पातळीपर्यंत कोसळू शकतो. संकोचामुळे ही गोष्ट तपासणीच्या वेळी बोलली जात नाही. ती बोललीच पाहिजे.

नेहमीचे दुष्परिणाम : रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या एसीई-अवरोधकांमुळे कोरडा, घसा खवखवविणारा खोकला येतो. आशियाई रुग्णांत त्याचे प्रमाण युरोपीयांपेक्षा जास्त आढळते. कफाच्या औषधांच्या बाटल्या संपतात, छातीचे एक्स-रे निघतात आणि खोकला तसाच राहतो. औषध बदलून टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनवर्गातील दिले की तो काही आठवड्यांत जातो. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र ती आणीबाणी असते. तेव्हा पुढचा डोस न घेता तडक रुग्णालय गाठावे. ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात. ही सूज मूत्रपिंडाची किंवा हृदयाची नसून केशवाहिन्यांतून पाणी झिरपल्याने आलेली असू शकते. मात्रा कमी केल्याने किंवा टेल्मिसार्टनची जोड दिल्याने ती उतरते. तिच्यावर लघवीची गोळी वाढवीत जाणे ही चुकीची वाट आहे. ॲमिओडॅरोन थायरॉइड, फुप्फुसे व यकृत यांना बाधू शकते व शरीरातून निघायला आठवडे-महिने घेते, म्हणून त्याच्या तपासण्या ठरावीक मुदतीने कराव्या लागतात. डिगॉक्सिनमुळे मळमळ, भूक मरणे किंवा सारे पिवळसर दिसणे सुरू झाले तर मात्रा जास्त झाल्याचा संशय धरावा.

लघवीच्या गोळीचा (लॅसिक्स, डायटॉर) त्रास वैद्यकीय कमी आणि दिनक्रमाचा अधिक आहे, आणि पेणकरपाड्याच्या या पट्ट्यात त्याला विशेष महत्त्व आहे. मीरा रोडहून चर्चगेटकडे जाणाऱ्या माणसाला लोकलमध्ये तासभराहून अधिक काळ उभे राहायचे असते आणि लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते. तो सकाळची गोळी कामाच्या दिवशी गाळतो आणि रविवारी घेतो. महिन्याभरात वजन वाढते, रात्री आडवे झाले की दम लागतो, आणि कागदावर मात्र ‘औषधाने गुण नाही’ अशी नोंद होते. यावर उपाय साधा आहे : गोळीची वेळ बदलून कामावर पोहोचल्यानंतरची किंवा संध्याकाळी घरी परतल्यानंतरची करता येते. पण त्यासाठी रुग्णाने हे सांगावे लागते आणि डॉक्टरांनी ‘प्रवास किती करता?’ एवढे विचारावे लागते. हा प्रश्न बाह्यरुग्ण विभागात क्वचितच विचारला जातो. औषध सुटण्याचा सगळा दोष रुग्णाच्या आळसावर टाकणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनवर्गातील गोळ्यांमुळे स्नायू दुखतात ही तक्रार फार ऐकू येते. क्वचित ती गंभीर असते : असह्य वेदना, अशक्तपणा, गडद रंगाची लघवी अशी लक्षणे दिसल्यास त्वरित तपासणी हवी. मात्र लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये एक बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना बारा बाटल्या दिल्या : चारमध्ये ॲटोर्व्हास्टॅटिन, चारमध्ये तशीच दिसणारी निर्गुण गोळी आणि चार रिकाम्या. दर महिन्याला एक बाटली. स्टॅटिनच्या महिन्यांत जो त्रास नोंदला गेला त्याच्या ९० टक्के त्रास निर्गुण गोळीच्या महिन्यांतही झाला होता. त्रास खोटा नव्हता, पण त्याचे कारण बहुतांशी रसायनात नव्हते. हे समजल्यावर सहभागींपैकी निम्म्या जणांनी गोळी पुन्हा सुरू केली.

बरे वाटल्यावर सोडणे : आपल्याकडे औषध सुटण्याचे हे फार मोठे कारण. दम लागत नाही, इकोचा अहवाल सुधारला, मग गोळ्या कशाला, असा विचार होतो. ब्रिटनमधील एका चाचणीत (ट्रेड-एचएफ, निष्कर्ष २०१८) हृदयस्नायूच्या विकारातून पूर्ण सावरलेल्या रुग्णांची औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने थांबविली. सहा महिन्यांत त्यांतील ४४ टक्के जणांचा विकार उलटला. सुधारलेला अहवाल हा अनेकदा चालू औषधाचाच परिणाम असतो.

उलट बाजूही नोंदविली पाहिजे. प्रत्येक गोळी जन्मभराची नसते. झटक्यानंतर हृदयाची आकुंचनशक्ती उत्तम राहिलेल्या रुग्णांना बीटा-अवरोधक देण्याने फायदा होतो का, याची स्वीडनप्रमुख रिड्यूस-एएमआय चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात फायदा दिसला नाही. त्याच वर्षीच्या फ्रान्समधील अबिस चाचणीत, आधीपासून चालू असलेले हे औषध थांबविणे चालू ठेवण्याइतकेच सुरक्षित आहे असे सिद्ध होऊ शकले नाही. म्हणून ‘ही गोळी अजून लागते का?’ हा प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. उत्तर स्वतः देऊन टाकण्याचा मात्र नव्हे.

व्यवहार : एखादा डोस चुकला तर आठवण होताच घ्यावा, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्यावा. दुप्पट गोळी घेऊ नये. जुलाब-उलट्या किंवा निर्जळी उपवास असताना लघवीची गोळी, एसीई-अवरोधक व डॅपाग्लिफ्लोझिन यांमुळे मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, म्हणून नवरात्र, एकादशी किंवा रमजानपूर्वीच डॉक्टरांकडून वेळा बांधून घ्याव्यात. गुडघेदुखीवर परस्पर घेतलेली आयब्युप्रोफेन वा डायक्लोफेनॅक ही वेदनाशामके शरीरात पाणी साठवितात आणि दुर्बल हृदयाला घातक ठरतात. अर्जुनसालीचा काढा चालू असेल तर तोही सांगावा; तो गोळ्यांच्या जागी घेऊ नये. पाकिटातील शेवटचा आठवडा उरला की नवी पाकिटे आणावीत. पैशांमुळे औषध सुटत असेल तर तेच द्रव्य असलेले जेनेरिक औषध जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळते. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्यांची चौकशी करावी. गावी जाताना दोन आठवड्यांचे औषध जास्तीचे न्यावे आणि औषधांच्या नावांची चिठ्ठी घरातील दुसऱ्या माणसाकडेही असावी.

औषधाने झालेला त्रास नोंदविण्याची राष्ट्रीय व्यवस्था २०१० पासून आहे. तिचे मुख्य केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात असून १८००-१८०-३०२४ या नि:शुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतः तक्रार नोंदवू शकतो.

औषध चुकल्यानंतर छातीत दडपण, दम, बेशुद्धी, चेहरा वाकडा होणे किंवा हात-पाय लुळे पडणे यांपैकी काहीही दिसले तर सोडलेली गोळी घरी घेऊन वाट पाहू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि कोणते औषध कधीपासून सुटले हे डॉक्टरांना न लपवता सांगावे.