जमिनीचे आणे, माणसांचे रकाने

इंदापूर तालुक्यात १८३०च्या दशकात इंग्रज सरकारचे मोजणी खाते उतरले, तेव्हा त्याच्याजवळ ३३ फुटांची साखळी होती. तिचे सोळा भाग केलेले असत आणि त्या भागांनाही आणेच म्हणत. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. मोजणी आटोपली की प्रतबंदीचा कारकून यायचा. तो शेताची आकृती वहीत काढून तिचे सारखे चौकोन पाडायचा आणि प्रत्येक चौकोनाच्या जागी खणून माती कसली, किती हात खोल, हे पाहायचा.

ही आकृती दख्खनच्या महसुली इतिहासातली फार हुशार चीज आहे. एकसारख्या पोताची उत्तम माती पावणेदोन हात खोल लागली, तर तो चौकोन पहिल्या प्रतीचा, म्हणजे सोळा आण्यांचा. तेवढीच खोल पण जरा हलकी, भरड माती असेल तर चौदा आणे. अशा नऊ प्रती होत्या आणि नववीची किंमत दोन आणे. माती नुसती खोल असूनही भागत नसे. चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, पाणी साचणे, ओढ्याच्या लोंढ्याने धुपणे, अशा प्रत्येक दोषाला ठरलेली खूण होती. एक खूण पडली की चौकोन एक प्रत खाली उतरायचा. सगळ्या चौकोनांची सरासरी काढली की शेताचे आणे ठरत आणि त्यावरून साऱ्याचा आकार बसे. ज्याने ते शेत कधी पाहिले नाही, असा अधिकारीही कचेरीत बसून वहीच्या पानावरून ते वाचू शके.

अशी पद्धत काढावी लागली त्याला कारण होते. आधीच्या दशकात आर. के. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यात वेगळाच घाट घातला होता. दर प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न किती, कसण्याचा खर्च किती, हे काढून निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा घ्यायचा असा त्यांचा हिशेब. कागदावर तो निर्दोष होता. पण आकडे गोळा करणाऱ्या हाताखालच्या लोकांनी ते कसेही भरले आणि आकारणी इतकी जड झाली की कुळे जमिनी टाकून निघून गेली. मग एच. ई. गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट या मोजणी अधिकाऱ्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नादच सोडला. जे खणून दिसते, हाताने मोजता येते, तेवढेच कोष्टकात. इंदापूरची नवी जमाबंदी १८३६ साली लागू झाली, तीस वर्षांसाठी. पुढे १८४७च्या संयुक्त अहवालात या पद्धतीचे नियम पक्के झाले. (पिकाची आणेवारी, म्हणजे आताची पैसेवारी, ही निराळी. ती त्या वर्षीच्या पिकाची असते. ५० पैशांच्या खाली गेली की गावाला टंचाईच्या सवलती मिळतात.)

या कोष्टकात जमीन होती, माणूस नव्हता. घरात खाणारी तोंडे किती, बैल किती, सावकाराचे देणे किती, यांना रकाना नव्हता. सारा बसवायला त्याची गरजही नव्हती, हे खरे.

तो रकाना आखला डॉ. हॅरोल्ड मान यांनी. हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. आसामात चहाच्या मळ्यांसाठी संशोधन करून १९०७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे अशा सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी पुण्याजवळचे पिंपळे सौदागर घरोघर तपासले आणि १९१७ साली त्याचे पुस्तक काढले. आज तिथल्या टोलेजंग सोसायट्यांमधून आयटीवाले राहतात. तेव्हा पवनेकाठचे ते साधे शेतकऱ्यांचे गाव होते.

पुस्तकातले एक कोष्टक अवघ्या चार ओळींचे आहे. १७७१ साली सरासरी धारणा, म्हणजे एका खातेदाराकडची जमीन, ४० एकर, १८१८ साली साडेसतरा, १८२० ते १८४० या काळात १४ आणि १९१४-१५ साली ७. बाकी पुस्तक कोणी वाचले नाही तरी या चार ओळी पुढे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत शिरल्या. सरासरीने जे झाकले जाते तेही मान यांनी मांडले: ८१ टक्के धारणा दहा एकरांच्या आत, ६० टक्के तर पाचाच्याही आत.

पण त्यांचे खरे काम दुसऱ्या कोष्टकात आहे. १०३ कुटुंबांचा जमाखर्च मांडून त्यांनी तीन गट पाडले. नुसत्या जमिनीवर नीट भागणारी कुटुंबे ८. बाहेरच्या मजुरीची जोड मिळाल्यावर भागणारी २८. दोन्ही मिळूनही न भागणारी ६७. गाव खडकीच्या दारूगोळा कारखान्यापासून लांब नव्हते, मजुरी मिळायची, तरीही ही अवस्था. शहराजवळचे गाव म्हणून चित्र वेगळे दिसत असेल, या शंकेने मान आणि कानिटकर शिरूर तालुक्यातल्या कोरडवाहू जातेगाव बुद्रुकला गेले. १९२१च्या त्या अभ्यासात तिसरा गट शेकडा ८५ निघाला.

मान यांच्या पहिल्या पुस्तकाला वर्ष होते न होते तोच त्याला एक धारदार वाचक भेटला. १९१८ साली इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात डॉ. भीमराव आंबेडकरांनी भारतातील लहान शेतीवर निबंध लिहिला. त्या वर्षाअखेरीस ते सिडनहॅम कॉलेजात शिकवू लागले, वय सत्तावीस. पिंपळे सौदागरचे आकडे त्यांनी जसेच्या तसे घेतले, वाद घातला तो रकान्यांशी. किती एकरांत कुटुंबाचे पोट भरेल यावरून ‘किफायतशीर’ शेत ठरवणे त्यांना मुळातच चुकीचे वाटले. खाणारी तोंडे हे मोजमाप नव्हे. शेत हा उत्पादनाचा धंदा आहे, तेव्हा त्यात जमीन, श्रम आणि भांडवल यांचे प्रमाण काय, हे पाहिले पाहिजे. नांगर-बैल पुरेसे असतील तर पाच एकरही मोठे, नसतील तर पन्नासही ओझे. अवजारे आहेत त्याच जमिनीला पुरत नसताना तुकडे जोडून शेते मोठी केल्याने हाल वाढतील. जमिनीवर रिकामे बसलेले हात कारखान्यांकडे वळवा, हा त्यांचा उपाय. निबंधात भावनेचा एक शब्द नाही. सगळी हातघाई कोष्टकांवर आहे आणि तीच त्याची गंमत.

१९२७ साली मुंबई कायदे मंडळात लहान धारणांचे विधेयक आले तेव्हा आंबेडकरांनी त्याला विरोध केला. ते बारगळले. तुकडेबंदीचा कायदा १९४७ साली झालाच, आणि त्यात प्रमाणभूत क्षेत्र ठरले ते एकर-गुंठ्यांतच. १९७०-७१पासून होणारी कृषी गणनाही शेतकऱ्यांना क्षेत्रावरूनच गटांत बसवते: एक हेक्टरच्या आत तो अत्यल्प भूधारक, दोनच्या आत अल्प. तिच्या पहिल्या फेरीत महाराष्ट्रातली सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टरवर आली. मान यांच्या चार ओळींत दिसते तशीच उतरण या दोन आकड्यांतही दिसते. आंबेडकरांना हवे होते ते जमीन, श्रम आणि भांडवलाचे प्रमाण मात्र या रांगेत कुठेच दिसत नाही.