पत्ता विचारला, उत्तर आले, माणूस सापडला का?

रोह्यापर्यंत मध्य रेल्वे, तिथून पुढे कोकण रेल्वे. आमचे कोलाड हे रोह्यानंतरचे पहिले स्टेशन. गाडीत बसलेल्याला ही हद्द दिसत नाही, पण रोह्यापुढच्या रुळांचे काही विचारायचे तर मध्य रेल्वे म्हणणार, कोकण रेल्वेला विचारा. इंटरनेटवर नावावरून कॉम्प्युटरचा क्रमांक शोधणारी डीएनएस नावाची व्यवस्था अशीच चालते. प्रत्येकाला आपल्या हद्दीतले माहीत असते आणि पुढचे कोणाला विचारायचे तेही.

आधी असे नव्हते. साऱ्या नेटवर्कची नावे आणि क्रमांक एकाच फाईलमध्ये असत. ती फाईल कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळत असे. म्हणजे सगळ्या जिल्ह्याचे सातबारे एकाच तलाठ्याकडे! १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी हद्दी वाटून देण्याची रीत मांडली. भारताची '.इन' ही हद्द १९८९ मध्ये नोंदली गेली आणि तिचा कारभार बरीच वर्षे मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेकडे होता.

मला हे सारे चॅटिंगमुळे समजले. आयआरसी हे चॅट १९८८ मध्ये फिनलंडमध्ये यार्क्को ओइकारिनेन यांनी सुरू केले. विंडोजवर ते घरोघरी पोचवणारा एमआयआरसी हा प्रोग्रॅम १९९५ मध्ये आला. तो लिहिला खालिद मर्दम-बे यांनी. जन्म अम्मानचा, वडील सीरियन, आई पॅलेस्टिनी, काम इंग्लंडमध्ये. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. कोकणातल्या ज्या घरांतले मामू, चाचा कुवेत-दुबईला होते, त्यांना हा मोठाच आधार झाला. फोनचे मिनिट महाग, सायबर कॅफेचा तास त्या मानाने स्वस्त. आम्हा नातेवाइकांचाही एक छोटा चॅनेल होता आणि त्याची राखण माझ्याकडे होती.

एमआयआरसीमध्ये स्वतःच्या स्क्रिप्ट लिहिता येत. कोणी गोंधळ घालायला आला की डीएनएसची आज्ञा देऊन त्याच्या होस्टच्या नावाचा क्रमांक काढायचा आणि त्या क्रमांकावर बंदी घालायची, एवढीच माझी स्क्रिप्ट. गंमत अशी की आज्ञेखालच्या ओळीत उत्तर मिळत नाही. जुन्या लोकांना ट्रंक कॉल आठवत असेल. नंबर बुक करायचा, रिसीव्हर ठेवायचा, आपल्या कामाला लागायचे. लाइन लागली की ऑपरेटर घंटी वाजवणार. एमआयआरसीतली ती घंटी म्हणजे डीएनएसचा इव्हेंट. उत्तर हाताळायचे ते तिथे. मी सुरुवातीला पुढच्याच ओळीत उत्तर वाचत होतो, आणि मिळायचे ते आधीच्या कोणाचे तरी.

घंटी वाजली म्हणजे पलीकडे माणूस आहेच असेही नाही. हा इव्हेंट शोध फसला तरी येतो. म्हणून आधी मोजायचे, उत्तरे किती आली. शून्य असू शकतात, एक असू शकते, चार-पाचही असू शकतात, कारण एका नावामागे अनेक क्रमांक ठेवण्याची मुभा आहे. मग एकेक उत्तर घ्यायचे आणि कोणत्या सदस्यासाठी किंवा कोणत्या नावासाठी विचारले होते ते ताडून बघायचे. मी मोजत नव्हतो. एका रात्री उत्तर रिकामे आले, आणि रिकाम्या क्रमांकावर घातलेल्या बंदीचा अर्थ सर्व्हरने 'कोणीही' असा घेतला. सकाळपर्यंत आखाती देशांतून येणारे सगळे दारातूनच परत. मामूने नंतर जे ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

ती चूक दोन ओळींत सुधारली. दुसरी सुधारता आली नाही. डायल-अपवर जोडणी झाली की कंपनी तिच्याकडच्या साठ्यातला एक मोकळा क्रमांक देई. लाइन तुटली की तोच क्रमांक दुसऱ्याला. गोंधळ घालणारा गेला, त्याचा क्रमांक दोन दिवसांनी रोह्याच्या सायबर कॅफेतून आलेल्या माझ्या चुलतभावाला मिळाला. स्क्रिप्टने त्याला बाहेर काढले. उत्तर बरोबर होते, पण शिळे होते. १९८१ मध्ये अंतुलेसाहेबांच्या सरकारने कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड केले, तरी आमच्याकडे 'जि. कुलाबा' लिहिलेली पाकिटे पुढे कितीतरी वर्षे येत. पोस्टमन ओळखीचा, म्हणून पोचत. डीएनएसच्या उत्तराबरोबर ते किती सेकंद जपून ठेवावे हेही येते. माझ्या बंदीला तशी मुदतच नव्हती.

चुलतभाऊ अर्ध्या तासात परत आला, कारण मी जागा होतो. सगळ्यांचे नशीब असे नसते. ऑगस्ट २००७ मध्ये पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका तरुण सॉफ्टवेअर अभियंत्याला अटक केली. ऑर्कुटवर शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकल्याचा आरोप होता. पोलिसांच्या हाती होता आयपी पत्ता, आणि तो कोणत्या ग्राहकाचा हे इंटरनेट कंपनीने कळवले होते. हा डीएनएसचा शोध नव्हे, पण जात तीच : क्रमांक द्या, नाव घ्या. कंपनीने दिलेला तपशील चुकीचा निघाला. त्या मजकुराशी त्या मुलाचा काही संबंध नव्हता. तोवर त्याचे सुमारे ५० दिवस येरवड्याच्या तुरुंगात गेले होते.

ही बातमी वाचली तेव्हा आमचा चॅनेल केव्हाच बंद पडला होता. तरी त्या रात्री जुनी स्क्रिप्ट उघडून बंदीची ओळ पुन्हा वाचली. तिच्यात कुठेही, पलीकडचा माणूस तोच आहे का, हे विचारलेले नव्हते.