यथार्थदर्शन (चित्रकला)

सपाट पृष्ठावर खोली आणि अंतर दाखवण्याची रेखनपद्धती. कलाशाळांत बोलताना ‘पर्स्पेक्टिव्ह’ हाच शब्द चालतो. पाहणारा कुठे आहे आणि त्याचा डोळा किती उंचीवर आहे, हे ठरल्याशिवाय यातली एकही रेषा ठरत नाही.

नागपुरातील प्रताप नगरसारख्या वस्तीत सरळ रस्त्याच्या मधोमध उभे राहावे. दुतर्फा घरांच्या सज्ज्यांच्या कडा दूर जाताना खाली उतरतात, कुंपणभिंतींचे पाये वर चढतात आणि क्षितिजरेषेवरच्या एकाच लोपबिंदूत मिळतात. गच्चीवर चढले की क्षितिजरेषाही डोळ्याबरोबर वर येते. घराचा कोपरा समोर घेतला, तर लोपबिंदू दोन लागतात.

एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या स्थिरचित्रात बादलीचे तोंड लंबगोल काढून बूड मात्र सरळ रेषेने उरकणारी मुले पुष्कळ. वास्तविक बूड डोळ्याच्या पातळीपासून अधिक खाली असते, त्यामुळे त्याची गोलाई तोंडापेक्षा जास्त भरते.

फ्लॉरेन्समध्ये पंधराव्या शतकाच्या आरंभी ब्रुनेलेस्कीने ही पद्धत प्रयोगाने दाखवली आणि १४३५ मध्ये आल्बेर्तीने तिचे नियम लिहिले. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमुळे ती इकडे रुजली.

त्याआधी इथे यथार्थदर्शन नव्हतेच, हा समज मात्र खोटा. वत्सगुल्म (वाशीम) शाखेच्या वाकाटकांच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्याची बरीच भित्तिचित्रे झाली. त्यांतल्या मंडपांना खांब आहेत, खोली आहे. पण एकच लोपबिंदू नाही. मुख्य व्यक्ती लांब असली तरी मोठी, खडक ठोकळ्यांसारखे पुढे आलेले. लेण्यातला प्रेक्षक भिंतीच्या कडेने चालत कथा पाहतो. त्याला एका जागी खिळवणारी रचना तिथे निरुपयोगीच ठरली असती. जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांकडून या चित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या, म्हणजे पाश्चात्त्य नियम शिकलेल्या हातांनी ही दुसरी रीतही गिरवली.

याउलट संगीत नाटकाचा प्रेक्षक एका जागी बसलेला, त्यामुळे रंगवलेल्या पडद्यांना लोपबिंदू मानवला. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर या कामात नावाजले. अडचण एकच: नट मागे सरकून पडद्याला टेकला, की राजवाड्याचा दरवाजा त्याच्या खांद्याशी येई.