लोहारा: ग्रामनाम आणि लोहोद्योगाचे अवशेष

यवतमाळ शहरालगत लोहारा नावाचे गाव आहे. चंद्रपूर जिल्ह्यातही एक लोहारा असून त्याच्या परिसरात लोहखनिजाचे साठे आहेत. दोन्ही नावांच्या मुळाशी संस्कृत ‘लोहकार’, मराठी ‘लोहार’ हा एकच शब्द दिसतो. तथापि केवळ नामसाम्यावरून दोन्ही ठिकाणी एकच उद्योग चालत असे, असे मानणे सयुक्तिक नव्हे. यवतमाळच्या आसपासची भूमी काळ्या बसाल्टची आहे. भट्टीत घालण्याजोगे समृद्ध खनिज तीत सहसा आढळत नाही. खनिजातून लोखंड काढणारा आणि तयार लोखंडाचे फाळ-विळे घडविणारा हे भिन्न कारागीर होत; भाषेने मात्र दोघांनाही एकाच नावाखाली आणले.

हा भेद अवशेषांवरून ठरतो. घडणाऱ्याच्या जागी ठोकताना उडालेले बारीक पापुद्रे सापडतात. लोखंड काढणाऱ्याच्या जागी कीटाचे ढीग व भात्याच्या मातीच्या नळ्या. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठच्या नायकुंड येथे १९७८ ते १९८० च्या दरम्यान शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात महापाषाणयुगीन भट्टी अशाच साधनांसह उजेडात आली.

भट्टी नदीकाठी असली तरी तिचा वारा जलशक्तीने येत असे, असे नव्हे. चीनमध्ये इ. स. ३१ मध्ये तू शी याने पाण्यावर चालणारे भाते योजिले. महाराष्ट्रालाही जलचक्र अपरिचित नव्हते. औरंगाबादची (आताचे छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की प्रसिद्धच आहे, पण ती धान्य दळण्यासाठी होती. मराठीतील या धंद्याची परिभाषाही हेच सुचविते. ‘भाता’ हा ‘भस्त्रा’पासून, म्हणजे कातडी पिशवीपासून आला, ‘सांडशी’ ही ‘संदंश’पासून व ‘कीट’ हे ‘किट्ट’पासून. ही साधने माणसाच्या हातापायांच्या बळावर चालणारी होत. लहान भट्टीला तेवढा वारा पुरत असे, आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या ओढ्यांवर वर्षभराचा धंदा विसंबणे कठीणच होते.

कीटाचे ढीग नांगराखाली विखुरतात, रस्त्यांच्या भरावात जातात. ग्रामनाम मात्र टिकते. म्हणून ‘लोहारा’सारखे नाव शोधाचा प्रारंभ मानावे, निष्कर्ष नव्हे. भूमीतील पुरावा नष्ट झाला, तर मागे राहिलेल्या शब्दाचा नेमका अर्थ ठरविण्याचे साधनच उरणार नाही.